निसर्ग चक्री वादळ

निसर्ग चक्री वादळ : पूर्वमध्य अरबी समुद्रात उद्‌भवून ३ जून २०२० रोजी दुपारी अलिबागच्या दक्षिणेस रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलेले तीव्र चक्री वादळ. किनारा ओलांडताना त्याच्यातील वाऱ्यांचा सततचा वेग ताशी ११० ते १२० किमी. असून झोतांचा वेग ताशी १३० किमी.पर्यंत गेला होता. पूर्वसूचना वेळेवर मिळाल्याने आणि किनाऱ्यावरील लोकांना आधीच हलविण्यात आल्याने मनुष्यहानी मर्यादित राहिली. राज्यात एकूण ६ मृत्यूंची नोंद झाली. मात्र मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा आणि त्यांच्या दक्षिणेकडील मंडणगड, दापोली या तालुक्यांतील नारळ-सुपारीच्या बागा व आंब्याची झाडे फार मोठ्या प्रमाणावर नष्ट झाली. मृतांच्या संख्येवरून वादळाची तीव्रता मोजण्याचा सर्वसाधारण प्रघात या वादळाच्या बाबतीत अपुरा पडतो. त्याने नेलेली संपत्ती प्रामुख्याने काळाच्या रूपातील होती; एका दुपारी पडलेली झाडे पुन्हा उभी राहण्यास एका पिढीचा अवधी लागतो.

प्रदेश : रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखला जात असे. त्याच्या पश्चिम सीमेवर उरण, अलिबाग, मुरूड व श्रीवर्धन हे तालुके खुल्या समुद्राला लागून आहेत. पेण, रोहा, तळा, म्हसळा इ. तालुके खाड्यांच्या द्वारे समुद्राशी जोडलेले आहेत. रेवदंडा, राजपुरी, बाणकोट या खाड्यांमुळे किनारा दंतुर बनला असून खडकाळ भूशिरांच्या दरम्यान वाळूच्या पुळणी आढळतात. पुळणीच्या मागे सखल, वाळूमिश्रित जमिनीचा चिंचोळा पट्टा असतो. घरे, विहिरी आणि माड-पोफळींच्या वाड्या या पट्ट्यातच दाटीने वसलेल्या आहेत. पट्ट्यामागे जांभ्या खडकाचे व बेसाल्टाचे डोंगर असल्याने वस्तीला समुद्रापासून फारसे दूर सरकता येत नाही. त्यामुळे समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याचा पहिला आघात घर व बाग या दोहोंवर एकाच वेळी होतो.

पूर्वेतिहास : वर्तुळाकार फिरणाऱ्या वादळांना ‘सायक्लोन’ हे नाव कलकत्त्यातील हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८ मध्ये दिले. हीच वादळे अटलांटिक महासागरात हरिकेन आणि वायव्य पॅसिफिक महासागरात टायफून या नावांनी ओळखली जातात. भारताभोवतीच्या समुद्रांत ती मुख्यतः मॉन्सूनपूर्व (एप्रिल ते जूनचा प्रारंभ) आणि मॉन्सूनोत्तर (ऑक्टोबर ते डिसेंबर) काळात निर्माण होतात. बंगालच्या उपसागरातील वादळांची संख्या परंपरेने अरबी समुद्रातील वादळांच्या सु. चौपट मानली जाते. अरबी समुद्रात निर्माण होणारी बहुतेक वादळे वायव्येस ओमान-येमेनकडे जातात किंवा उत्तरेकडे व ईशान्येकडे वळून गुजरातचा किनारा गाठतात. कोकणचा किनारा त्यांच्या नेहमीच्या मार्गापासून काहीसा बाजूला पडतो.

असे असले तरी कोकणला वादळे अपरिचित नाहीत. नोव्हेंबर १८५४ मधील वादळाने मुंबई बंदरातील जहाजांची व मनुष्यांची मोठी हानी केली. नोव्हेंबर १९४८ मध्येही एका तीव्र वादळाने मुंबई व तिच्या परिसराला झोडपले. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ हे चक्री वादळ अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनारा ओलांडून गेले. त्या वेळी कोकणातील अनेक मासेमारी नौका समुद्रात होत्या आणि जीवितहानी मुख्यतः मच्छीमारांची झाली. जून १८८२ मध्ये एका वादळाने मुंबईत एक लाख माणसे दगावली, असा उल्लेख जगातील भीषण आपत्तींच्या अनेक याद्यांत आढळतो. परंतु तत्कालीन कागदपत्रांत त्याला आधार मिळत नाही व अभ्यासक ही घटना घडलीच नसल्याचे मानतात. निसर्ग वादळाच्या वेळी ‘मुंबईवर १८९१ नंतरचे पहिले वादळ’ असे जे म्हटले गेले, तेही १९४८ ची घटना पाहता तपासून घ्यावे लागते. १८९१ हे भारतीय हवामान खात्याच्या वादळमार्गांच्या नकाशासंग्रहाचे आरंभवर्ष आहे. त्यापूर्वी किंवा त्यानंतर किनारा निर्धोक होता, असा त्याचा अर्थ होत नाही. जूनच्या प्रारंभी तीव्र चक्री वादळाने महाराष्ट्राचा किनारा ओलांडावा, ही घटना मात्र निःसंशय विरळ होती.

उगम व वाटचाल : ३१ मे २०२० रोजी आग्नेय व त्यालगतच्या पूर्वमध्य अरबी समुद्रावर, लक्षद्वीपच्या परिसरात, न्यूनदाबाचे क्षेत्र तयार झाले. १ जून रोजी मॉन्सूनचे केरळात आगमन झाले आणि त्याच दिवशी पहाटे या क्षेत्राचे अवदाबात रूपांतर झाले. त्या वेळी त्याचे केंद्र पणजीच्या नैर्ऋत्येस सु. ३७० किमी. अंतरावर होते. २ जून रोजी पहाटे तो खोल अवदाब बनला व त्याच दिवशी दुपारच्या सुमारास त्याचे चक्री वादळ झाले. ३ जूनच्या पहाटे ते ‘तीव्र चक्री वादळ’ या वर्गात पोहोचले. हवामान खात्याच्या वर्गीकरणानुसार सततच्या वाऱ्याचा वेग ताशी ६२ ते ८८ किमी. असल्यास चक्री वादळ आणि ८९ ते ११७ किमी. असल्यास तीव्र चक्री वादळ असे म्हणतात. वादळाच्या केंद्रातील दाब सु. ९८४ मिलिबारपर्यंत उतरला होता.

चक्री वादळ हे उष्ण समुद्राच्या पाण्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर चालणारे यंत्रच होय. पाण्याचे बाष्प होताना शोषली गेलेली उष्णता, बाष्प उंचावर जाऊन त्याचे ढग बनताना पुन्हा मुक्त होते. तीमुळे हवा अधिक तापून वर चढते आणि खाली दाब आणखी कमी होऊन सभोवारची हवा आत खेचली जाते. पृथ्वीच्या परिवलनामुळे या आत येणाऱ्या हवेला वळण मिळते. या क्रियेसाठी समुद्राच्या पृष्ठाचे तापमान सु. २६·५° से. पेक्षा अधिक असावे लागते. या वेळी ते ३०° ते ३१° से. होते. वातावरणाच्या वरच्या व खालच्या थरांतील वाऱ्यांत फार तफावत असल्यास वादळाचा स्तंभ मोडतो. तशी तफावत या वेळी मोठी नव्हती.

वादळ प्रथम जवळजवळ सरळ उत्तरेकडे सरकले आणि २ जूनच्या संध्याकाळनंतर ईशान्येकडे वळले. वादळाच्या आग्नेयेकडील उच्च दाबाच्या अपसारी अभिसरणामुळे आणि वायव्येकडील पश्चिमी वाऱ्यांच्या द्रोणीमुळे त्याला हे वळण मिळाले. हे वळण थोडे उशिरा मिळाले असते, तर वादळ मुंबई-पालघरच्या किनाऱ्यावर किंवा त्याही पलीकडे गेले असते. अवदाब तयार झाल्यापासून किनारा गाठेपर्यंत जेमतेम अडीच दिवस लागले. बंगालच्या उपसागरात अंदमानजवळ निर्माण झालेल्या वादळाला किनाऱ्याकडे येण्यास बहुधा याहून अधिक दिवस मिळतात. येथे उगमस्थानच किनाऱ्यापासून जवळ असल्याने सावधगिरीसाठी उपलब्ध झालेला काळ अल्प होता.

नामकरण : उत्तर हिंदी महासागरातील वादळांना लगतच्या देशांनी सुचविलेली नावे क्रमाने देण्यात येतात. एप्रिल २०२० मध्ये १३ देशांनी प्रत्येकी १३ याप्रमाणे सुचविलेल्या १६९ नावांची नवी यादी प्रसिद्ध झाली. जुन्या यादीतील अखेरचे नाव मे २०२० मध्ये पश्चिम बंगाल व बांगला देश येथे हाहाकार माजविणाऱ्या ‘अम्फान’ला मिळाले होते, नव्या यादीतील पहिले, बांगला देशाने सुचविलेले ‘निसर्ग’ हे नाव या वादळाच्या वाट्याला आले.

किनाऱ्यावरील तडाखा : ३ जून रोजी दुपारी १२·३० ते २·३० या वेळात वादळाच्या केंद्राने मुरूडच्या परिसरात किनारा ओलांडला. वादळाची हानी केंद्राच्या दोन्ही बाजूंस सारखी झाली नाही. उत्तर गोलार्धात वादळातील वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. त्यामुळे वादळाच्या मार्गाच्या उजव्या बाजूस फिरणाऱ्या वाऱ्याचा वेग आणि संपूर्ण वादळाच्या सरकण्याचा वेग यांची बेरीज होते. डाव्या बाजूस वजाबाकी होते. ईशान्येकडे निघालेल्या या वादळाच्या उजव्या हातास मुरूडचा दक्षिण भाग, श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड व दापोली हा प्रदेश होता. तेथे वारा समुद्रावरून जमिनीकडे, पूर्ण जोराने आला. डाव्या हातास असलेल्या मुंबई-ठाण्याकडे वारा पूर्वेकडून म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहत होता व त्याचा जोरही कमी होता. मुंबईतील विमानतळ काही तास बंद ठेवावा लागला आणि शहरात झाडे पडली, पण ज्या विध्वंसाची भीती होती तो टळला. देशाचे लक्ष मुंबईवर केंद्रित झाले असताना प्रत्यक्ष तडाखा तिच्या दक्षिणेकडील लहान गावांनी सोसला.

समुद्राच्या पाण्याबाबत एक गोष्ट अनुकूल ठरली. ५ जून रोजी ज्येष्ठी पौर्णिमा असल्याने उधाणाचे दिवस जवळ आले होते. उधाणाची भरती आणि वादळाने लोटलेले पाणी एकत्र आल्यास खाडीकाठच्या सखल वस्त्यांत पाणी शिरते. तथापि वादळ किनाऱ्यावर आले तेव्हा सकाळची भरती उलटून ओहोटी सुरू झालेली होती. त्यामुळे हानी मुख्यतः वाऱ्याने केली, पाण्याने नव्हे.

किनारा ओलांडल्यावर समुद्रातून मिळणारी उष्णता व बाष्प तुटले, भूपृष्ठाचे घर्षण वाढले आणि सह्याद्रीच्या रांगांचा अडसर आला. संध्याकाळपर्यंत त्याचा जोर कमी होऊन ते पुन्हा चक्री वादळाच्या वर्गात आले, मध्यरात्रीपर्यंत खोल अवदाब झाले आणि ४ जून रोजी विदर्भाच्या पश्चिम भागात अवदाबाच्या रूपात पोहोचून पुढे मध्य भारतात विरून गेले. घाटमाथ्यावरही त्याचा प्रभाव जाणवला. पुणे जिल्ह्यात मृत्यू झाले, झाडे पडली आणि मावळातील हरितगृहांचे नुकसान झाले.

पूर्वसूचना व स्थलांतर : भारतीय उपग्रहांच्या चित्रांवरून तसेच गोवा व मुंबई येथील डॉप्लर रडारांच्या साहाय्याने वादळावर सतत लक्ष ठेवण्यात आले होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके किनाऱ्यावर आधीच पोहोचली होती. रायगड जिल्ह्यात दहा हजारांहून अधिक लोकांना कच्च्या घरांतून व किनाऱ्यालगतच्या वस्त्यांतून शाळा, सभागृहे आणि पक्क्या इमारतींत हलविण्यात आले. हे काम कोरोना साथीच्या काळात झाले. मार्च २०२० पासून टाळेबंदी असल्याने मुंबईतील अनेक चाकरमानी गावी परतले होते व काही शाळा विलगीकरणासाठी वापरात होत्या. संसर्ग टाळण्यासाठी माणसांना दूर ठेवणे आणि वादळापासून वाचविण्यासाठी त्यांना एका छपराखाली आणणे, या दोन परस्परविरोधी गरजा प्रशासनाला एकाच वेळी भागवाव्या लागल्या. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील तात्पुरत्या रुग्णालयातून सु. १५० रुग्ण अन्यत्र नेण्यात आले.

मासेमारीची पावसाळी बंदी तोंडावर असल्याने आणि समुद्रात न जाण्याचे इशारे दिले गेल्याने २००९ च्या फयानप्रमाणे मच्छीमार मोठ्या संख्येने समुद्रात अडकले नाहीत. रत्नागिरीजवळ मिऱ्या येथे ‘बसरा स्टार’ हे तेलवाहू जहाज मात्र भरकटून किनाऱ्यावरील बंधाऱ्याला लागले. त्यावरील खलाशांची सुटका झाली.

हानी : वाऱ्याने प्रथम घरांची छपरे नेली. कोकणातील कौलारू छप्पर पावसाचे पाणी उत्तम निथळविते, पण कौले केवळ रिपांवर आपल्या वजनाने टेकलेली असतात. वाऱ्याने एका कडेची कौले उचलली की आत शिरलेला वारा उरलेले छप्पर खालून उचलतो. सिमेंटच्या व लोखंडी पत्र्यांच्या छपरांचीही गत निराळी झाली नाही. घरे, गोठे, शाळा, अंगणवाड्या व देवळे उघडी पडली. पावसाळा दाराशी आला असताना हे घडल्याने घरातले धान्य, भात-बियाणे आणि विद्यार्थ्यांची पुस्तके भिजून गेली. मॉन्सून ११ जून रोजी हर्णैपर्यंत येऊन पोहोचला. छप्पर शाकारण्यास लोकांना जेमतेम आठवडा मिळाला आणि त्या आठवड्यात कौले, पत्रे, ताडपत्री व सुतार या सर्वांचाच तुटवडा होता.

विजेचे खांब व तारा हजारोंच्या संख्येने पडल्या. भ्रमणध्वनीचे मनोरे निकामी झाल्याने दक्षिण रायगडचा बाहेरील जगाशी संपर्क तुटला व नुकसानीची वार्ताच उशिरा बाहेर आली. रस्ते व गावांतील पाखाड्या पडलेल्या झाडांनी बुजल्या होत्या. विजेवर चालणारे पंप बंद पडल्याने नळपाणी योजना थांबल्या आणि लोकांनी जुन्या विहिरींचा आश्रय घेतला. काही गावांत वीज येण्यास कित्येक आठवडे लागले. काशीद, दिवेआगर इ. किनाऱ्यांवरील सुरूची बने मोडून पडली.

सर्वांत दूरगामी हानी वाड्यांची झाली. श्रीवर्धनची ‘रोठा’ सुपारी प्रसिद्ध असून कोकण कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्रही तेथेच आहे. वाडी ही एका पिकाची शेती नसते. वर माडाचे छत्र, त्याखाली पोफळी, पोफळीवर चढविलेले मिरीचे वेल, सावलीत जायफळ व केळी अशी तिची मजल्यामजल्यांची रचना असते आणि वरचा प्रत्येक मजला खालच्याला सावली देतो. पोफळीचे खोड उंच व सडपातळ असल्याने ती मध्येच पिळवटून मोडते. आंब्याचे किंवा फणसाचे झाड फांद्या मोडल्यावरही खोडातून पुन्हा फुटते. माड व पोफळ यांना वाढीचा कोंब एकच व तो शेंड्याला असतो. शेंडा गेला की झाड संपते. शिवाय वरचे छत्र नाहीसे झाल्यावर वाऱ्यातून बचावलेल्या पोफळी व जायफळांची झाडे पुढील उन्हाळ्यात उन्हाने करपण्याचा धोका असतो. म्हणून वाडीचे नुकसान पडलेल्या झाडांच्या मोजदादीने पुरते कळत नाही.

नव्या पोफळीला फळ धरण्यास सु. सहा ते आठ वर्षे लागतात आणि भरघोस उत्पन्नासाठी त्याहून अधिक. बाणवली जातीचा माड सहा-सात वर्षांनी फळू लागतो आणि ऐंशी ते शंभर वर्षे जगतो. ३ जून रोजी पडलेले कित्येक माड त्यांच्या मालकांच्या आजोबांनी लावलेले होते.

मदत व पुनर्लागवड : ५ जून रोजी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी अलिबाग येथे पाहणी करून रायगड जिल्ह्यासाठी १०० कोटी रुपयांची तातडीची मदत जाहीर केली. पूर्णतः पडलेल्या घरांसाठीची मदत ९५,१०० रुपयांवरून दीड लाख रुपये आणि फळबागांसाठीची मदत हेक्टरी १८,००० रुपयांवरून ५०,००० रुपये करण्यात आली. हे वाढीव दर नेहमीच्या निकषांच्या मानाने बरेच मोठे होते. तरीही बागायतदारांचे समाधान झाले नाही, याचे कारण मोजणीच्या एककात होते. हेक्टर हे देशावरील सलग शेतीचे माप आहे. किनाऱ्यावरील वाडी गुंठ्यांत मोजली जाते व तिचे मोल झाडांवर ठरते. दहा गुंठ्यांच्या, म्हणजे सु. एक दशांश हेक्टरच्या वाडीला हेक्टरी दराने सु. ५,००० रुपये मिळतात. शिफारशीप्रमाणे २·७ मी. अंतरावर लावलेल्या पोफळी अशा वाडीत सु. १३५ बसतात, म्हणजे फळत्या झाडामागे ४० रुपयांहूनही कमी रक्कम पडते.

झाडांच्या संख्येनुसार मदत द्यावी या मागणीवरून पुढे नारळाच्या झाडामागे २५० रुपये व सुपारीच्या झाडामागे ५० रुपये असे दर ठरविण्यात आले. एकक बदलले, ही महत्त्वाची गोष्ट होती. परंतु रकमेचा व झाडाच्या फळत्या आयुष्याचा मेळ त्यानेही बसला नाही. रोजगार हमी योजनेतून बागांच्या साफसफाईस व पुनर्लागवडीस साहाय्य देण्यात आले. पडलेली खोडे कापून हलविणे हेच पहिले मोठे काम होते, कारण ती कुजत राहिल्यास गेंड्या भुंग्यासारख्या किडींना आश्रय मिळतो. त्यानंतर सावलीसाठी केळी लावून तिच्या आडोशाने पोफळीची रोपे वाढविणे, हा जुना क्रम पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागला.

महत्त्व : निसर्ग वादळानंतर वर्ष उलटण्यापूर्वीच, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ हे अधिक तीव्र वादळ कोकण किनाऱ्याला समांतर जात १७ मे रोजी रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर आदळले. त्याने कोकणातील आंबा बागांचे व नुकत्याच दुरुस्त झालेल्या छपरांचे पुन्हा नुकसान केले. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९८२–२००० या काळाच्या तुलनेत २००१–१९ या काळात अरबी समुद्रातील चक्री वादळांची संख्या सु. ५२ टक्क्यांनी वाढली, तर बंगालच्या उपसागरातील संख्या किंचित घटली. अरबी समुद्राच्या पृष्ठाचे तापमान वाढणे हे यामागील एक प्रमुख कारण मानले जाते. कोकणचा किनारा वादळांच्या वाटेबाहेर आहे, ही समजूत त्यामुळे ढळली आहे.

राष्ट्रीय चक्री वादळ धोके निवारण प्रकल्पात अलिबाग येथील वीजवाहिन्या भूमिगत करण्याच्या कामाचा समावेश होता. निसर्गने अशा कामांची निकड स्पष्ट केली. या वादळाचा इतिहास दोन गोष्टी शेजारी ठेवतो. उपग्रह, रडार व प्रशासन यांच्या साहाय्याने अडीच दिवसांच्या मुदतीत हजारो माणसे सुरक्षित स्थळी नेता येतात, हे त्याने सिद्ध केले. छप्पर, तार आणि झाड यांना मात्र हलविता येत नाही. त्यांची तयारी वादळ येण्यापूर्वी कित्येक वर्षे करावी लागते. कौलांना बांधणी, तारांना जमिनीखालची वाट, वाडीच्या समुद्राकडील बाजूस वारा अडविणारी झाडांची रांग आणि झाडाच्या वयाचा विचार करणारी विमा व भरपाईची पद्धत, असे या तयारीचे स्वरूप आहे. २०२० च्या पावसाळ्यात श्रीवर्धनच्या वाड्यांत लावलेल्या पोफळींना पहिले फळ धरण्याचा काळ २०२६ ते २०२८ असा येतो. तोपर्यंतच्या प्रत्येक हंगामाचे न आलेले उत्पन्न हेही या वादळाच्या नुकसानीत धरावे लागते.